देवळातले सहाशे झोवेस

आमच्या गावच्या झोवेस कुंभाराचं नाक डावीकडे वळलेलं होतं. जन्मतः नव्हे. विशीत असताना एका बोकडाने त्याला समोरून धडक दिली आणि नाकाने जी दिशा धरली ती धरलीच. तो तुमच्याशी बोलत असला तरी त्याचं नाक तुमच्या शेजाऱ्याशी बोलतंय असं वाटायचं. कान बाहेर आलेले, घागरीला जोडल्यासारखे. हनुवटीत खळगा असा, की मसुराचा दाणा ठेवला तर खाली पडायचा नाही. हे तोंड नीट लक्षात ठेवा. पुढे जे काही घडलं ते सगळं या तोंडापायी.

गोष्ट माझ्या आजोबांच्या वेळची. तेव्हा आमच्या सायप्रस बेटावर दहा राजे होते आणि दहापैकी एकाचंही आमच्या गावाकडे लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते देवाचं. देव उघड्यावरचा. ओढ्याकाठी दगडी कुंपण आणि त्यात एक काळा, गुळगुळीत, बैलाच्या पाठीसारखा दगड. पाऊस, पोरंबाळं, बैल, बोटी, सगळं खातं त्याच्याकडे.

आता देवापुढे माणूस स्वतः किती वेळ उभा राहणार? शेत आहे, शेरडं आहेत, बायको हाका मारतेय. म्हणून जो तो आपला मातीचा माणूस करून घ्यायचा आणि देवापुढे उभा करायचा. आपण घरी जेवायला बसावं, तो तिथे ऊन-पावसात आपल्या वतीने उभा. काय मागायचं ते एकदा त्याच्या कानात सांगून टाकलं की झालं. हे मातीचे लोक दगडाभोवती अर्धगोल करून उभे असायचे. पुढे वीतभर उंचीचे, मागे हातभर, त्यामागे कमरेएवढे. एकदा उभा केलेला माणूस हलवायचा नाही, फोडायचा नाही, कुंपणाबाहेर न्यायचा नाही. दिला तो देवाचा झाला.

आणि एक रीत होती. मातीच्या माणसाचं तोंड देवाच्या आधी कुणी बघायचं नाही. म्हणून भट्टीतून काढल्याबरोबर कुंभार त्याच्या तोंडावर अंजिराचं पान बांधायचा. पुजारी त्याला देवासमोर उभा करायचा, मगच पान सोडायचा. आणि तोंड देवाकडे म्हटल्यावर भक्तांच्या वाट्याला नुसत्या पाठी. पाठी बघूनच लोक ओळखायचे, हा माझा, तो तुझा.

झोवेसचा बाप तोंडं बोटांनी करायचा. मातीच्या गोळ्याला दोन चिमटे काढले की नाक, काडीने दोन टोचे मारले की डोळे. त्याच्या हातचे सगळे भक्त चिमण्यांसारखे दिसायचे. बाप वारल्यावर झोवेस एकदा बंदरावर घागरी विकायला गेला. तिथे एका व्यापाऱ्याकडे त्याने साच्यातून काढलेलं तोंड पाहिलं. ओठाला ओठ, पापणीला पापणी. झोवेसला जेवण सुचेना. घरी आला, पाण्याने भरलेला रांजण समोर ठेवला, त्यात वाकून वाकून पाहत मुठीएवढं एक डोकं घडवलं, आणि त्यावर ओली माती दाबून साचा काढला. बिचाऱ्याला दुसरं कुणाचं तोंड मिळणार कुठून? रांजणात जो दिसला तो घेतला.

चाकावर अंग वळायचं, मातीच्या वळ्या लाटून हात चिकटवायचे, साच्यातून तोंड काढून मानेवर बसवायचं, पान बांधायचं. मागणी असली की दिवसाला चार भक्तही सहज व्हायचे. तीस वर्षं हे चाललं. देवापुढे सहाशेच्या वर माणसं उभी राहिली, आणि सगळ्यांची नाकं डावीकडे.

दिसणार कुणाला? भक्तांना पाठी. पुढच्या बाजूला जाणारा एकटा पुजारी स्तासियास. तो झोवेसचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला हाताच्या अंतरापलीकडचं धूसर दिसायचं, त्यात पूजेच्या वेळी डोक्यावर बैलाचा मुखवटा. त्या मुखवट्याच्या भोकांतून त्याला स्वतःचे पाय दिसले तरी पुष्कळ.

आता देव तरी काय करणार, सांगा. कुणी बैल मागतंय, बघावं तर झोवेस. कुणी वारा मागतंय, तोही झोवेस. देवाची अशी समजूत झाली की या गावात एकच माणूस राहतो आणि त्याला भयंकर गरजा आहेत.

धनगराची मेंढी हरवली की ती झोवेसच्या दारात येऊन उभी. तो बिचारा सरळ माणूस, कान धरून परत नेऊन द्यायचा. खलाशांच्या आयांनी पोरांसाठी पाठीमागून येणारा वारा मागितला, तो झोवेसच्या पाठीला लागला. मातीच्या खाणीकडे जाताना मागून वारा, परत येतानाही मागूनच. डोक्यावर टोपी म्हणून राहायची नाही.

आणि एका वर्षी गावातल्या अकरा सुनांनी मूल मागितलं. वसंत ऋतूत झोवेसचं पोट वाढायला लागलं. सकाळी उलट्या, दुपारी कच्ची द्राक्षं खायची इच्छा. त्याची बायको तिमो, बाई करारी. तिने तीन महिने पाहिलं आणि सरळ ओनासीमा सुईणीला बोलावून आणलं.

ओनासीमाने झोवेसला आडवं पाडलं, पोटाला कान लावला.

"काय गं मावशी?" तिमो म्हणाली.

"पुरुष नसता तर मुलगा आहे म्हणाले असते."

"आणि पुरुष आहे म्हणून?"

"म्हणून बडीशेपेचं पाणी दे. आणि जड उचलू देऊ नकोस."

दिवस भरले तसं पोट आपोआप उतरलं. काही निघालं नाही. पण ओनासीमाने पुढे दहा वर्षं तरी रस्त्यात भेटली की विचारायचं सोडलं नाही, "काय झोवेस, यंदा काही विशेष?"

हे सगळं झालं गोड. कडूही होतं. दर वर्षी ऑलिव्हचं तेल काढायचे दिवस आले की झोवेसच्या जिभेवर फोड यायचे. एक-दोन नव्हे, जीभभर. पेजेशिवाय काही जायचं नाही. गावात सगळे खारवलेले ऑलिव्ह चघळतायत आणि हा कोपऱ्यात जीभ बाहेर काढून बसलाय. त्याला वाटायचं, आपल्या जिभेची जातच अशी. तीन वेळा त्याच्या भट्टीवर वीज पडली. त्याला वाटायचं, उंचावर आहे म्हणून पडते. माणूस तक्रारखोर नव्हता. संध्याकाळी दारात बसून तो तिमोला म्हणायचा, "एक आहे बघ. चांगलं असो, वाईट असो, देवाचं माझ्यावर लक्ष आहे."

तिमो त्याच्याकडे एकदा बघायची आणि डाळिंबाला पाणी घालायला जायची.

बिंग फोडलं ते किलिकासने. हा तेलाच्या घाण्याचा मालक, गावात सगळ्यांत वजनदार, सगळ्याच अर्थांनी. डोकं मात्र तुळतुळीत. केसांसाठी त्याने लागोपाठ सात मातीचे किलिकास देवापुढे उभे केले होते, शेवटचा तर कमरेएवढा. आणि त्याच सुमाराला झोवेसला पन्नाशीत नवे केस फुटले. डोक्यावर, मानेवर, कानांत. मेंढीसारखी कातरणी करावी लागायची.

त्या वर्षी सणाला देवाच्या दगडावर तेल ओतायचा मान किलिकासला मिळाला. तो तेलाचं भांडं घेऊन अर्धगोलाच्या आत शिरला, दगडावर तेल ओतलं, भक्तिभावाने मागे वळला. आणि समोर सहाशे झोवेस. वीतभर झोवेस, हातभर झोवेस, कमरेएवढा झोवेस. सगळे कान बाहेर काढून, हात वर करून त्याच्याकडे बघतायत.

भांडं खाली पडलं. किलिकास ओरडला, "अरे, हा मी नाही! हा झोवेस आहे! हाही झोवेस! अरे, इथे मी कुठेच नाही!"

सगळं गाव आत घुसलं. जो तो आपला माणूस पाठीवरून हुडकून पुढून बघायला लागला. ओनासीमा म्हातारी आपल्या मातीच्या बाईसमोर उकिडवी बसली. म्हणाली, "तरीच. मी गुडघ्यांसाठी वीस वर्षं मागतेय आणि हा मेला बकरीसारखा डोंगर चढतो."

झोवेसला मधे उभं केलं. त्याने मातीची बाई पाहिली, कमरेएवढा किलिकास पाहिला, आणि हनुवटीतल्या खळग्यात बोट घालून म्हणाला, "अगं बाई. हे तर मीच."

"तुला माहीत नव्हतं?" किलिकासने विचारलं.

"दादा, मी कामात असतो. इतका विचार कोण करतं?"

पुजारी स्तासियासने बैलाचा मुखवटा चढवला. मुखवटा घातला की तो देवाच्या वतीने बोलायचा, काढला की स्वतःच्या. मुखवट्यातून आवाज आला, "या माणसाने गावाचं पुण्य खाल्लंय. याला गावाबाहेर काढा!"

मग मुखवटा काढून, घाम पुसत तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस हां झोवेस. रात्री जेवायला येतोयस ना?"

"येतो की. पण बाहेर काढल्यावर कसा येणार?"

"तेही खरंच."

किलिकासला दुसराच उपाय सुचला होता. "काढता कशाला बाहेर? नाक सरळ करू. नाक सरळ केलं की देव याला ओळखणार नाही. माझ्याकडे घाण्याची मोगरी आहे."

झोवेसने दोन्ही हातांनी नाक धरलं. तिमो पुढे आली. "नाकाला हात लावलात तर मी एकेकाचं नाक उजवीकडे करीन. मग बसा जुळवत, कोण कुणाचं."

शेवटी असं ठरलं. जुने सहाशे फोडता येत नाहीत, हलवता येत नाहीत, तेव्हा त्यांच्या तोंडांवर पुन्हा अंजिराची पानं बांधायची. साचा गावासमोर फोडायचा. आणि पेरणीच्या आत झोवेसने घराघरात प्रत्येकाचा नवा मातीचा माणूस द्यायचा, ज्याच्या-त्याच्या तोंडाचा. नाही जमलं तर गाव सोडायचं.

गाव सोडायचं म्हणजे काय, हे ज्याने माती मळली आहे त्यालाच कळेल. झोवेसची लाल माती घरामागच्या उतारावरची. तिला तडा जात नाही, ती बोटाखाली लोण्यासारखी वळते. माणूस भांडी घेऊन जाईल, चाक घेऊन जाईल, उतार कसा नेणार? आणि तिमोने तर स्पष्टच सांगितलं, "मी येणार नाही. इथे माझ्या डाळिंबाला यंदा पहिल्यांदा फुलं आलीत."

किलिकासने मोगरी आणली, एका घावात साच्याचे चार तुकडे केले आणि पायाने मातीत मिसळले. झोवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिमो त्या वेळी गर्दीत नव्हती. ती कुठे होती हे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. आणि तिथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. आरसे राजांच्या बायकांकडे. आमच्या गावात आपलं तोंड कसं आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. झोवेसने समोर बसवून जसं दिसलं तसं घडवावं, तर बसणारा म्हणणार, "हा कोण?"

किलिकासचं मातीचं डोकं तयार झालं. रीत मोडूनच झालं होतं, लोक तोंडं आधीच बघत होते. तो म्हणाला, "केस लाव."

"दादा, केस नाहीत तुम्हाला."

"म्हणूनच तर लाव. केस मागायचेत ना?"

"केसवाला उभा केलात तर देव म्हणेल, याला आहेत की. आणि तुम्हाला ओळखणार कसा?"

किलिकासने विचार केला, निःश्वास सोडला, डोक्यावरून हात फिरवला. "बरं. पण मानेवरची ती वळी तरी एक कमी कर."

"दोन आहेत," तिमो मागून म्हणाली. "दोन्ही घाला हो. ओळख पटायला हवी."

ओनासीमाला वीस वर्षांची बाई हवी होती. झोवेसने हो म्हटलं, केली. तिमोने ती उचलून बाजूला ठेवली. "मावशी, ही तुमच्या धाकट्या सुनेसारखी दिसते. गुडघे तिला मिळतील, चालेल?"

"फोड ती," ओनासीमा म्हणाली. "सुरकुत्या घाल. एकही सोडू नकोस."

अशा रीतीने पेरणीच्या चार दिवस आधी गावातला शेवटचा माणूस तयार झाला. स्तासियासने स्वतःचाही करून घेतला. सगळे खरे चेहरे देवापुढे उभे राहिले, जुने सहाशे पानांआड गेले, आणि झोवेस गावात राहिला. स्वतःचा मातीचा माणूस करायला त्याला वेळ झाला नाही, मळलेली लाल माती पार संपली होती. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

मग तेल काढायचे दिवस आले.

झोवेसने सवयीने पेज ठेवायला सांगितलं. पण जीभ स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ, चौथ्या दिवशी स्वच्छ. तिमोने भीत भीत एक खारवलेला ऑलिव्ह त्याच्या तोंडात ठेवला. तीस वर्षांत पहिला. झोवेसने तो चघळला, बी चोखली, पुन्हा चोखली, आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. त्या दिवशी त्याने एक अख्खी बरणी संपवली.

तिकडे किलिकासच्या घाण्यावर गिऱ्हाईक उभं. किलिकास दर वर्षीसारखा छातीवर हात ठेवून म्हणाला, "देवाशपथ, तेलात एक थेंब दुसरं काही ना..." आणि पुढचं बोलता येईना. जीभभर फोड. गिऱ्हाईकाने तेलात बोट घातलं, चाटलं, आणि गावभर सांगून आलं.

तिमो चुलीपाशी बसून होती. तिने हिशेब जुळवला आणि नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं त्याच्या खोट्या शपथा तुमच्या जिभेवर उठत होत्या."

झोवेस बी चोखत म्हणाला, "असं कसं? वाईट वाटलं असेल गं त्याला."

पण किलिकास एकटाच नव्हता. दिलेला चेहरा खरा असला की देव पत्ता चुकत नाही. स्तासियास देवापुढचे मधाचे वडे स्वतः खायचा आणि पक्ष्यांनी खाल्ले म्हणून सांगायचा. चिमण्या त्याच्या मागे लागल्या. मुखवटा घालून बाहेर पडला तर मुखवट्याच्या शिंगांवर बसून टोचायच्या. ओनासीमाचे गुडघे बरे झाले, पण बाई जिच्या तिच्या बाळाला "अगदी बापावर गेलंय हो" म्हणायची, आणि ते खोटं असलं की उचकी लागायची. लोकांनी उचकी ऐकली, आणि चार घरांत भांडणं लागली. शेताची हद्द सरकवणाऱ्याचा पाय हद्दीच्या दगडावर रोज नव्या जागी ठेचकाळायचा. महिन्याभरात गावात कुणी कुणाशी बोलेना, कारण बोललं की काहीतरी व्हायचं. बाजारात माणसं खुणा करून सौदे करायची, आणि खुणा करतानाही बोटं वाकडी होऊ लागली.

झोवेसचं मात्र एकदम शांत. मेंढ्या येत नाहीत, वारा नाही, टोपी डोक्यावर बसलेली. वसंत आला, पोट जागच्या जागी. तो दारात बसून राहायचा. "तिमो," एकदा म्हणाला, "जीभ छान आहे, खोटं कशाला बोलू. पण मला कुणी हाक मारत नाही असं वाटतं."

"मी मारते की. मघापासून मारतेय. लाकडं आणा."

आणि एक दिवस सगळं गाव दारात आलं. पुढे किलिकास, तोंडाला फडकं बांधून. स्तासियासने मुखवटा चढवला, शिंगांवर दोन चिमण्या. आवाज आला, "या माणसाने गावाची अब्रू चव्हाट्यावर आणलीय. याने जुनं तोंड परत द्यावं, नाहीतर गाव सोडावं!" मग मुखवटा वर करून, "झोवेस, दे रे बाबा. पाया पडतो. कपाळ बघ माझं, चाळण झालीय."

झोवेस म्हणाला, "अरे, पण साचा तर दादांनी फोडला."

सगळे किलिकासकडे बघायला लागले. किलिकास फडक्याआडून म्हणाला, "हो, फोडला. मग? मी काय नेहमीच शहाणा असतो?"

"मग नवा कर. रांजण आहे, तोंड आहे!"

झोवेसने रांजण ओढला, डोकं घडवलं, लोकांसमोरच. पण गेले कित्येक महिने त्याच्या हातांना खरं घडवायची सवय लागलेली. साठीला टेकलेला म्हातारा निघाला. गाल बसलेले, डोळ्यांखाली पिशव्या. लोक म्हणाले, "हा कोण? देव याला ओळखतच नाही. आम्हाला देवाच्या ओळखीतला झोवेस हवा."

संध्याकाळपर्यंत मुदत मिळाली. तिमो डाळिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली, म्हणजे तिच्यापुरतं उत्तर झालं.

झोवेस ओली माती घेऊन देवापाशी गेला. सगळं गाव मागे. त्याला सुचलं होतं, की साच्यातून माणूस निघतो तसा माणसावरून साचाही निघेल. बाहेर न्यायचा नाही ना, आतच माती दाबू. त्याने पहिल्याच्या तोंडावरचं पान सोडलं. तीस वर्षांच्या पावसात मुरलेलं नाक हिवाळाभर ओल्या पानाखाली सुटून गेलेलं. दुसऱ्याचं सोडलं, ओठ नाहीत. तिसऱ्याच्या डोळ्यांत मधमाश्यांनी घर केलेलं. पुढची रांग, मागची रांग, पानं सुटत गेली आणि आतून कांद्यासारखी तोंडं निघत गेली. सहाशे झोवेस, आणि एकही कामाचा नाही. झोवेस खाली बसला. उन्हं ओढ्यापलीकडे गेली होती.

"तो शेवटचा बघा," मागाहून आलेल्या तिमोचा आवाज आला. "अर्धगोलाच्या टोकाला, कुंपणापाशी. त्याला पान नाही."

खरंच नव्हतं. वीतभर उंचीचा, लाल, नवाकोरा. नाक डावीकडे, खळग्यात मसूर राहील असा. देवाकडे टक लावून उभा.

"हा कुठून आला?"

"साचा फोडायच्या दिवशी तुमच्या फळीवर एक कोरं तोंड राहिलं होतं. मी पिठाच्या मडक्याखाली ठेवलं, एका कोऱ्या अंगावर बसवून वडे भाजायच्या चुलीत भाजलं आणि आणून उभं केलं. पुजारीबुवांना काही दिसलं नाही, त्यांनी पानही बांधलं नाही."

स्तासियास चिमणी उडवत म्हणाला, "मला वाटलं झुडूप आहे."

"आणि त्याच्या कानात काय सांगितलंस?" झोवेसने विचारलं.

"दुसरं काय सांगणार? की माझ्या माणसाला गाव सोडायला लागू नये."

"ते माझ्या तोंडाने मागितलंस?"

"मग? मला सगळं आधीपासून ठाऊक होतं. तुमचं पोट वाढलं तेव्हाच कळलं. मी म्हटलं, येऊ दे, येतंय ते या घरातच येतंय. माझी तेवढी मागणी पत्ता न चुकता पोचायची. तुमचे केस बघून मीच घाबरले होते, तेवढं मी मागितलं नव्हतं."

झोवेसने त्या एकट्या झोवेसच्या तोंडावर हलक्या हाताने माती दाबली आणि साचा काढला.

मात्र माती ती माती. वाळली की आक्रसते, भाजली की आणखी आक्रसते. साचा लहान निघाला, आणि त्यातून निघालेलं तोंड त्याहून लहान. पहिलं मुठीएवढं होतं, हे अंजिराएवढं. लोकांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"लहान दिसतोय रे," किलिकास म्हणाला.

"तोच आहे. जरा लांबून बघितल्यासारखा."

लोकांचा नाइलाज होता. खऱ्या चेहऱ्यांवर पानं बांधली, नवे लहान झोवेस रांगेत लागले. स्तासियासने मुखवटा घालून सांगितलं की देव संतुष्ट आहे. मुखवटा काढून म्हणाला, "जेवायला ये."

तेव्हापासून आमच्या गावात सगळं जरा लहान झालं. हरवलेली मेंढी झोवेसच्या दारात यायची नाही, रस्त्याच्या वळणापर्यंत यायची. सुनांनी मूल मागितलं तर झोवेसला दोन दिवस आंबट खावंसं वाटायचं, एवढंच. पाठीला वारा असा, की टोपी जेमतेम हलायची. पानांच्या फटींतून थोडं ज्याचं त्याला पोचायचं. स्तासियासच्या वाट्याला एकच चिमणी उरली, ती त्याने पाळली. किलिकासला कानामागे एक केस आला, आणि तो त्याला रोज तेल लावायचा. बिनभेसळीचं.

पुढच्या वर्षी तेल काढायचे दिवस आले. घाण्यावर किलिकास छातीवर हात ठेवून शपथ घेत असल्याचं घरापर्यंत ऐकू आलं. तिमोने ऑलिव्हची बरणी मांडीवर घेतली, पण झाकण उघडलं नाही.

"जीभ दाखवा."

झोवेसने जीभ काढली. तिने उजेडाकडे वळवून पाहिली. टोकाला एक फोड, तिळाएवढा.

"दुखतंय?"

"चुरचुरतंय," झोवेस म्हणाला, आणि त्याचा चेहरा नाकासकट उजळला. "लक्ष आहे गं त्याचं."

तिमोने बरणी उघडली, त्यातल्या त्यात कमी खारट ऑलिव्ह शोधून काढला आणि त्याला म्हणाली, "या बाजूने चघळा."